अमेरिकी पासपोर्टचे अंतर्गत राजकारण

अमेरिकन माणसाला जगाचे पुढारीपण हवे, पण जग पाहण्यासाठी घराबाहेर पडणे नको, हा टोमणा राजधानीतील राजनैतिक वर्तुळात नवा नाही. 2008 मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी आपला पहिला पासपोर्ट जेमतेम एक-दोन वर्षांपूर्वी काढल्याचे उघड झाले, तेव्हा त्याला अधिकच धार आली. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घेतला पाहिजे.

2000 साली अमेरिकेत वैध पासपोर्टांची संख्या पाच कोटींहून कमी होती. आता ती 16 कोटींच्या पुढे, म्हणजे लोकसंख्येच्या निम्म्याच्या घरात गेली आहे. पाव शतकात अमेरिकनांची जिज्ञासा तिपटीने वाढली, असे कोणी म्हणणार नाही. या वाढीमागे कायद्याचा हात मोठा आहे. पूर्वी कॅनडा, मेक्सिको आणि बहुतेक कॅरिबियन बेटांवरून परतताना जन्मदाखला व वाहनपरवाना पुरत असे. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर नियम कडक झाले आणि 2007 पासून विमानाने, तर 2009 पासून रस्त्याने व समुद्रमार्गे येणाऱ्यांनाही पासपोर्ट वा तत्सम दस्तऐवज अनिवार्य झाला. परदेशी जाऊन येणारे आधीही होते. त्यांची गणना पासपोर्टांत होत नव्हती, इतकेच.

तरीही निम्मा देश उरतोच. त्याचे उत्तर भूगोलात आहे, तसेच रजेतही आहे. 1938 च्या कामगार कायद्याने तेथे किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला दिला, पण भरपगारी रजेचा हक्क दिला नाही. युरोपीय संघात किमान चार आठवडे कायद्याने मिळतात. एलटीसीचे गणित जुळवणाऱ्या आपल्याकडील सरकारी नोकरास हे खरे वाटणार नाही! मालकाच्या मर्जीने मिळालेल्या आठवड्याभरात अटलांटिक ओलांडण्यापेक्षा फ्लोरिडा बरा, हा हिशेब संकुचित वृत्तीचा नव्हे. न्यू जर्सीत पासपोर्टधारक भरपूर, तर मिसिसिपी व वेस्ट व्हर्जिनियात फार थोडे. हा फरकही बराचसा उत्पन्नाचाच आहे.

आता या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले आहे. मतदारनोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा सक्तीचा करणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने एप्रिल 2025 मध्ये 220 विरुद्ध 208 मतांनी संमत केले. पासपोर्ट नसलेल्यांना त्यात मुख्यतः जन्मदाखल्याचा आधार. पण विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचा दाखला तिच्या ओळखपत्राशी जुळत नाही. प्रौढास पहिल्या पासपोर्टसाठी 165 डॉलर मोजावे लागतात. नागरिक नसलेल्यांना संघीय निवडणुकीत मतदानास तेथे आधीच बंदी आहे, हेही ध्यानात घ्यावे. विधेयकामागे रिपब्लिकन पक्ष आहे. आणि ज्या मिसिसिपी व वेस्ट व्हर्जिनियात पासपोर्ट सर्वांत विरळ, ती दोन्ही राज्ये 2024 मध्ये ट्रम्प यांच्याच पाठीशी उभी होती.