'इतर' नावाचं फोल्डर

तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'इतर' नावाचं एक फोल्डर असेलच. जे कुठेच बसत नाही, ते सगळं त्यात. भाषांच्या जगातही असं एक फोल्डर आहे. त्याचं नाव 'पापुअन'.

न्यू गिनी बेट आणि आजूबाजूच्या बेटांवर मिळून या सुमारे ८०० भाषा. नाव एक म्हणजे खानदानही एकच असणार, असं वाटतं ना? छे! समुद्रमार्गे नंतर आलेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषा बाजूला काढल्या की तिथे ज्या उरतात, त्या पापुअन. म्हणजे शेजार नक्की, नात्याची खात्री नाही. माणूस इथे किमान ४०,००० वर्षं राहतोय. एवढ्या काळात नात्याच्या खुणा पुसल्या जाणारच.

तरी जोडाजोडी झालीच. १९७१ मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग यांनी या भाषांसोबत टास्मानियाच्या आणि आपल्या अंदमानच्याही भाषा एकाच कुटुंबात टाकल्या. बहुतेक अभ्यासकांना ते पटलं नाही. १९७५ मध्ये स्टीफन वुर्म यांनी जवळजवळ ५०० भाषांचं 'ट्रान्स-न्यू गिनी' हे घराणं मांडलं. त्यातल्याही बऱ्याच भाषांच्या नात्यावर शंका आल्या.

मग २००५ मध्ये माल्कम रॉस यांनी सर्वनामं तपासून नवी विभागणी केली. सर्वनामंच का? आपलंच वाक्य घ्या: 'मी मीटिंग पोस्टपोन केली.' मीटिंग उसनी, पोस्टपोन उसनं. 'मी' मात्र घरचाच! सर्वनामं सहसा उसनी घेतली जात नाहीत. 'मी'साठी 'न' आणि 'तू'साठी 'ग' हा ट्रान्स-न्यू गिनी घराण्याचा ठसा मानला जातो. अर्थात एवढ्याशा अक्षरांचं जुळणं योगायोगही असू शकतो. म्हणून रोजच्या वापरातले शब्द आणि त्यांच्यातले नियमित ध्वनिबदलही पडताळावे लागतात.

आणि त्यासाठी भाषा जिवंत हव्यात. न्यू आयर्लंड बेटावरची कुओट भाषा बघा. त्या बेटावरची ही एकमेव पापुअन भाषा. तिला ना बहीण, ना चुलत भावंडं. निदान आजवर तरी सापडलेली नाहीत. तिथली नवी पिढी टोक पिसिन या सगळ्यांच्या कामचलाऊ भाषेत वाढतेय. मोठ्या घराण्यातली एखादी भाषा गेली, तर तिच्या बहिणी थोडंफार सांगू शकतात. कुओट गेली तर अख्खं घराणंच संपेल, मागे सांगणारं कुणीही नसेल.

'इतर' फोल्डर डिलीट करण्याआधी एकदा उघडून बघावं, ते यासाठीच.