ऑटोमॅटिक गाड्या गावात आल्या, पण त्यांचं गिअर ऑईल बदलणार कोण?

क्लच नसलेली गाडी म्हणजे शहरातल्या साहेबाची गाडी, असं गावाकडे बरीच वर्षं समजलं जायचं. आता तसं राहिलेलं नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर किंवा बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांत डोकावलं की दोनच पेडलच्या गाड्या सहज दिसतात. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्ससह आली आणि स्वस्त गाडीतही ऑटोमॅटिक मिळू लागलं. त्या काळात पुण्या-मुंबईकडे घेतलेल्या गाड्या आता सेकंडहँड होऊन तालुक्यात येत आहेत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शहरातला माणूस नवी गाडी घेतो तेव्हा त्याची जुनी गाडी कुठं तरी जातेच, आणि ती बहुतेक वेळा आपल्याकडेच येते.

गाडी आली, पण तिच्यामागून तिचा मिस्त्री आला नाही. तालुक्याच्या गॅरेजात इंजिन ऑईल, ब्रेक, सस्पेन्शन सगळं होतं. गिअरबॉक्सचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "भाऊ, याला हात लावत नाही आपण. लाईफटाइम ऑईल आहे, चालवा तशीच." कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे जाऊन-येऊन एक दिवस गेला. मग ट्रॅक्टरचं ऑईल वर्षानुवर्षं स्वतः बदलणारा शेतकरी म्हणतो, हेही घरीच करू, मोबाईलवर व्हिडिओ आहेतच. हा विचार वेडेपणाचा नाही. मात्र ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये थोडं इकडंतिकडं झालं तरी तो सहन करतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करत नाही. तो गेला तर खर्च लाखाच्या घरात जातो, आणि जुन्या गाडीची किंमत तरी तेवढी असते का, हा प्रश्न उभा राहतो.

आधी त्या 'लाईफटाइम' शब्दाचं बघू. तेल कधीच बदलायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. पण झेडएफ ही जर्मन कंपनी, जी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, तीच आपल्या गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. या तेलाला एकाच वेळी अनेक कामं असतात. ते वंगण करतं, दाब पोहोचवतं, आतल्या क्लच प्लेटांना नेमकी पकड देतं आणि उष्णता बाहेर नेतं. उन्हाळ्यात सात माणसं भरून घाट चढणाऱ्या किंवा चिखलात रुतून चाक फिरवणाऱ्या गाडीत ते तेल भाजून निघतं. लाख किलोमीटर झालेली सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने हा शब्द विसरलेलाच बरा.

आता मुख्य गोष्ट. 'ऑटोमॅटिक' हे नाव एक असलं तरी आत चार वेगवेगळ्या जातीचे गिअरबॉक्स असतात, आणि घरी तेल बदलता येईल की नाही हे त्या जातीवर ठरतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे लिव्हर. त्यावर 'पी' म्हणजे पार्किंगची जागा नसेल, तर ती बहुतेक वेळा एएमटी. हा खरं तर साधाच हाताचा गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्याच्या आतलं तेल साध्या गिअर ऑईलच्या जातीचं. ट्रॅक्टरवर हात बसलेला माणूस ते बदलू शकतो. पण काही गाड्यांत क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळ्या छोट्या डब्यात असतं. त्याला हात लावायचा नाही. तिथलं काम बिघडलं तर स्कॅनर जोडून सेटिंग करावं लागतं.

लिव्हरवर 'पी' असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डीसीटी यातलं काहीतरी एक. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, भरवशाचा प्रकार, इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकसारख्या गाड्यांत असतो. सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि तो नुसत्या घर्षणाच्या जोरावर गाडी ओढतो. होंडा सिटी, बलेनो यांच्या काही मॉडेलांत तो आहे. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. त्याच्या काही प्रकारांत दोन ठिकाणी दोन वेगळी तेलं असतात. हा प्रकार घरी उघडूच नये.

सगळ्यात मोठा घोटाळा इथं होतो तो 'लाल तेला'मुळे. स्पेअर पार्टच्या दुकानात पॉवर स्टिअरिंगसाठी लाल तेलाची बाटली मिळते आणि तिच्यावर एटीएफ असं लिहिलेलं असतं. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, हे नाव वाचून माणूस म्हणतो, झालं काम. पण ती बाटली बहुतेक वेळा डेक्स्रॉन नावाच्या जुन्या प्रकारातली असते. टोयोटाच्या अलीकडच्या ऑटोमॅटिकला डब्ल्यूएस लागतं, ह्युंदाईच्या बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांना एसपी-४ आणि होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२. सीव्हीटीत साधं एटीएफ पडलं तर पट्टा घसरून पुली खराब होऊ शकते. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल तर यातल्या कशातच चालत नाही. दुकानदार 'सगळ्याला चालतंय' म्हणाला तरी ऐकायचं नाही. मॅन्युअलमध्ये तेलाचं जे नाव आहे तेच डब्यावर हवं, सील शाबूत हवं आणि बिल घ्यायचं. सेकंडहँड गाडीबरोबर मॅन्युअल क्वचितच येतं, पण अनेक कंपन्यांच्या वेबसाईटवर मॉडेल आणि वर्ष टाकून ते मिळतं.

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी आहे, तेल नेमकं मिळालंय आणि काम घरीच करायचं ठरलंय, असं धरून चालू. मग पहिला नियम व्हिडिओत अनेकदा सुटतो: खालचा नट खोलून तेल काढण्याआधी तेल भरायचा वरचा नट सुटतोय का ते बघायचं. तेल सांडून गेलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवताही येत नाही. दुसरं म्हणजे नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही झोपू नये. दगड, विटा, लाकडी ओंडका यांचा भरवसा नाही, लोखंडी स्टँडच हवेत आणि गाडी चारी बाजूंनी समपातळीत हवी. तेल फार गरम असताना नट खोलला तर हात भाजतो.

खालून येतं ते सगळं तेल नसतं. बरंच टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणून निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजायचं आणि सुरुवातीला तेवढंच नवं घालायचं. मॅन्युअलमधला एकूण लिटरचा आकडा बघून भरलं तर तेल जास्त होऊन फेसाळतं, आणि जास्त तेलही कमी तेलाइतकंच वाईट. तेल अर्धंमुर्धंच बदललं जातं, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर हेच काम पुन्हा केलेलं चांगलं. नटाचा वॉशर नवा घालावा. खालच्या नटाच्या किंवा पॅनच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती झीज आहे. धातूचे तुकडे दिसले तर मात्र जाणकाराकडेच जायचं.

पातळी बघण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. डिपस्टिक असलेल्या बऱ्याच गाड्यांत तेल गरम करून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून, इंजिन चालू ठेवून बघतात. होंडाच्या डिपस्टिकवाल्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उलट इंजिन बंद करून, पुढच्या मिनिट-दीड मिनिटात बघायचं असतं. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नाही. तिथं ठरावीक तापमानाला तेल असताना पातळीचा नट खोलून जास्तीचं तेल वाहू द्यायचं असतं. तापमान मोजायला स्कॅनर लागतो. स्कॅनर नसेल तर हा प्रकार अंदाजाने करू नये. अशा गाडीला जिल्ह्याला नेण्याचा दिवस वाचवण्यात काही फायदा नाही.

गिअरबॉक्स आधीच घसरत असेल, म्हणजे रेस वाढते पण गाडी ओढत नाही, तर नवं तेल तो दुरुस्त करत नाही. 'तेल बदललं आणि गाडी बसली' असं जे ऐकायला येतं त्यातल्या बऱ्याच गाड्या मरणाच्या दारात असतानाच तेल बदललेलं असतं. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ट्रॅक्टरने ओढत आणायची सवय मोडायलाच हवी. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासले जातात. ओढणारी चाकं उचलून किंवा गाडीवर गाडी चढवूनच आणावी. तेल न बदलल्यापेक्षा हे दहा किलोमीटर ओढणं जास्त महागात पडू शकतं.

खरा प्रश्न माहितीचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं आणि वाहनं दोन्ही घेतलेली आहेत, आणि मॅन्युअल, सुटे भाग, दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथं खुली करावी हा त्याचा हेतू. कोणत्या मॉडेलला कोणतं तेल, किती आणि पातळी कशी बघायची, एवढी एका पानाची माहिती मराठीत असती तर लाल तेलाचा अर्धा घोटाळा मिटला असता. अनेक तालुक्यांच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथल्या पोरांना जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून-जोडून हातात दिला, तर चार वर्षांत प्रत्येक मोठ्या गावात एक तरी हात लावणारा मिस्त्री तयार होईल. गाडी वॉरंटीत असेल तर घरी काम करू नये, कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. दुरुस्तीबाबत तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मांडता येते.

निघालेलं काळं तेल वाळवी लागू नये म्हणून मेढींना लावायची किंवा बांधावर ओतायची पद्धत आहे. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं. ओतलेलं तेल जमिनीत मुरतं आणि जवळच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतं. ते झाकणाच्या डब्यात साठवून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच ते नीट मावतं.