बोरन्हाणाची ओंजळ आणि बालकाचा जीव

मकर संक्रमणाचे पर्व आले की सोलापूर नगरीला निराळेच तेज चढते. श्रीसिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्यापाशी जनसागर लोटतो आणि घरोघरी भोगीची भाजी, तिळगूळ व शेंगांची पोळी यांचा दरवळ सुटतो. याच दिवसांपासून रथसप्तमीपर्यंत लहानग्यांची बोरन्हाणे होतात. काळे झबले आणि हलव्याचे दागिने ल्यालेल्या बाळाच्या मस्तकावर बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि अलीकडे काजू-बदामाची चॉकलेटेही ओतली जातात. बाळाला दृष्ट लागू नये, ऋतुबदल त्याला बाधू नये, हाच या संस्काराचा हेतू. तो हेतू मनात धरूनच आज एका गंभीर विषयाकडे श्रद्धाळू कुटुंबांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काही थोड्या बालकांना काजू, बदाम, अक्रोड, पिस्ता यांचा एखादा कणही सोसत नाही. वैद्यकशास्त्र यास ॲलर्जी म्हणते. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रचारात आणला. शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून त्यावर तुटून पडते, असा हा प्रकार. आपल्या वडीलधाऱ्यांना बिब्बा ‘उतणे’ ठाऊक आहे. एकाच्या अंगाला बिब्ब्याने काही होत नाही, दुसऱ्याचे अंग सुजून येते. त्या विकाराची जात निराळी असली, तरी एकाला मानवणारी वस्तू दुसऱ्याला बाधते, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. काजू, पिस्ता आणि श्रीखंडावर पेरली जाणारी चारोळी ही तर बिब्ब्याच्याच कुळातली. काजू न सोसणाऱ्या मुलाला पिस्ताही बहुधा सोसत नाही. चारोळीबाबतही डॉक्टरांना विचारलेले बरे. भुईमूग हे कडधान्याच्या कुळातले व तीळ त्याहून वेगळा. पण त्यांचीही ॲलर्जी तितकीच उग्र असू शकते.

असे बालक ज्या घरी आहे, त्या घरच्या मातेची सणावारी कोंडी होते. खिरापतीची वाटी पुढे येते आणि ती संकोचाने हात आखडता घेते. लगेच कोणी म्हणते, “प्रसादाला नाही म्हणू नये. एका कणाने काय होणार?” सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे तिचा शब्द थिटा पडतो आणि क्वचित तिच्या पाठीमागे तो कण मुलाच्या मुखी जातोही. येथे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे : असा आग्रह ही भक्ती नव्हे. बालक, वृद्ध, रुग्ण आणि गर्भिणी यांना आपल्या शास्त्रकारांनी उपवासातून मोकळे ठेवले, ते देहाची मर्यादा ओळखूनच. जो धर्म रुग्णाला अन्न घेण्याची मुभा देतो, तो एखाद्या बालकाला अन्न नाकारण्याची मुभा कशी देणार नाही? प्रसाद मस्तकी लावावा आणि मोठ्यांनी तो ग्रहण करावा. बाळाच्या हाती खडीसाखरेचा खडा, केळ्याचा काप किंवा तुळशीचे पान द्यावे. देव भावाचा भुकेला आहे, काजूचा नव्हे.

याचा अर्थ सर्वच मुलांना सुकामेव्यापासून दूर ठेवावे असा मात्र नाही. २०१५ साली ब्रिटनमधील एक महत्त्वाची पाहणी प्रसिद्ध झाली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही मुले तीत होती. ज्यांना भुईमूग वर्ज्य केला, त्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी आढळली. ज्यांना तान्हेपणापासून तो नियमित दिला, त्यांत हे प्रमाण ३.२ टक्केच होते. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करून निरनिराळी अन्ने चाखवू लागण्याची आपली रीत या निष्कर्षाशी जुळते. मात्र दाणे वा बदाम द्यायचे ते मऊ वाटून, खिरीत वा पेजेत मिसळून. इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ज्या मुलाला एकदा त्रास झाला आहे, त्याला ‘थोडे चाटवून पाहू’ हा प्रयोग घरी कदापि करू नये. शिवाय पाच वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हाती अख्खा शेंगदाणा वा काजू देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते. बोरन्हाणाच्या ओंजळीत बोरे आणि शेंगा हव्यातच, पण बाळाने ती तोंडात घालण्यापूर्वी मोठ्यांनी वेचून घ्यावीत.

खाल्ल्यापासून काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत, अंगावर गांधी उठणे, ओठ वा डोळे सुजणे, उलटी होणे ही लक्षणे दिसू लागतात. खोकल्याची उबळ, आवाज बसणे, छातीत घरघर, अंग गार पडून ग्लानी येणे ही चिन्हे दिसताच आमसुलाच्या पाण्यात वा अंगारा लावण्यात वेळ दवडू नये. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. मांडीच्या बाहेरील स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच यावरचा पहिला उपाय होय. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. तोवर मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत; धाप लागली असल्यास बसवून धरावे. तोंडावाटे काही देऊ नये.

वेष्टनातील खाद्यपदार्थांवर शेंगदाणा व सुकामेवा यांचा उल्लेख करणे आपल्या देशात २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. मात्र त्या यादीत तिळाचा समावेश नाही, हे संक्रांतीच्या दिवसांत ध्यानी ठेवावे. घरच्या वा मंडळाच्या प्रसादावर तर वेष्टनच नसते. म्हणून मंडळांनी आणि यजमानांनी प्रसादात काय काय आहे, हे एका फलकावर लिहावे. सुक्यामेव्याविना केलेल्या प्रसादाचे एक ताट निराळे ठेवावे आणि त्याचा चमचाही निराळा असावा. हळदीकुंकवास येणाऱ्या सुवासिनीने “बाळाला काही वर्ज्य आहे का?” एवढे विचारले, तरी एका मातेच्या मनावरचा भार हलका होईल.

श्रीसिद्धरामेश्वरांनी या नगरीत तलाव खोदविला, तो तहानलेल्यांची तहान ओळखून. दुसऱ्याची अडचण न सांगता ओळखणे हीच त्यांची शिकवण. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करतो. ज्या बालकाला तो तीळ चालत नाही, त्याच्या वाट्याला निदान आपले गोड बोलणे यावे, आणि आग्रहाचा शब्द ओठांतच थांबावा.