गाइडमधलं इंग्रजी

बी.ए.ला तीन वर्षं इंग्रजी घेऊन पास झालेल्या आपल्या मुलामुलींना स्वतःच्या मनातला एक परिच्छेद इंग्रजीत लिहायला सांगा. अनेकांचं पेन थांबतं. मूळ पुस्तक न उघडता गाइडमधली उत्तरं पाठ केली की मार्क मिळतात, मग लिहिणार कशाला?

बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांना शाळा मिळाली नाही. थोरल्या भावाने घरीच इंग्रजी शिकवलं. १९०५ साली त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही थेट इंग्रजीत लिहिलेली कथा छापून आली. आपल्या पोरींना कॉलेज आहे, लायब्ररी आहे. पण त्यांचं म्हणणं कुणी विचारत नाही.

प्राध्यापक हो, आठवड्याला एक पान लिहून घ्या, चुकांसकट वाचा. पालकांनीही मार्कांआधी विचारावं: या महिन्यात कोणतं पुस्तक वाचलंस?