ओळखलंत का?

मुलांनो, माहूरगडावर कधी गेलात का? पायऱ्या चढून, धापा टाकत गाभाऱ्यापुढे उभं राहिलं की रेणुकामातेचं नुसतं मुख दिसतं. हात नाहीत, पाय नाहीत. शेंदराने माखलेला भव्य तांदळा आणि त्यावर ते टपोरे डोळे! परशुरामाने घाईने मागे वळून पाहिलं, तोवर जमिनीतून आईचं मुखच तेवढं वर आलं होतं, अशी कथा सांगतात.

गर्दीत दर्शन मिळतं क्षणभर. लगेच मागून "चला, चला, पुढे व्हा!" तरी ते मुख मनात पक्कं बसतं. एवढ्यात आपण पाहिलं कधी?

खरं म्हणजे डोळा फक्त प्रकाश टिपतो. आतल्या पडद्यावर उमटतं ते चित्रही उलटंच! तिथून सुमारे दहा लाख तंतूंची नस त्याची खबर मेंदूकडे नेते. डोक्याच्या मागच्या बाजूला रेघा, कडा, रंग यांची छाननी होते. आणि चेहऱ्यांसाठी तर मेंदूच्या तळाशी, कानाच्या अंगाला, खास जागा आहे. सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात तिथून निकाल येतो: चेहरा!

ही जागा जरा उतावळीच आहे बरं का. दोन ठिपके, खाली एक रेघ, की झाला चेहरा. १९७६ साली 'व्हायकिंग १' यानाने मंगळाचा एक फोटो पाठवला. त्यात चक्क माणसाचं तोंड! केवढी चर्चा झाली. २००१ मध्ये जवळून स्पष्ट फोटो आला, तर ती साधी टेकडी. डोळे-नाक म्हणजे नुसत्या सावल्या.

उलट, काही माणसांची ही जागा नीट काम करत नाही. नजर उत्तम, पण ओळखीचा चेहराही ओळखू येत नाही. आवाज, चाल, कपडे यांवरून ती ओळख पटवतात. तुमच्या वर्गातलं कुणी बाजारात समोरून तसंच निघून गेलं, तर लगेच "शिष्ट मेला!" म्हणू नका. आधी हाक तर मारा.

आता एक गंमत करा. घरच्या अल्बममधले चार फोटो उलटे धरा आणि आजीला विचारा, हे कोण? मग घर, सायकल, किटली यांची चित्रं तशीच उलटी दाखवा. कुठे जास्त अडलं? बाबांनाही सोडू नका.