नेल आर्टच्या वर्गात हिशेबही हवा

जेल एक्स्टेन्शन, ओम्ब्रे, फ्रेंच टिप्स यांवर नेल आर्ट शिकणाऱ्या मुलींचा हात छान बसतो. पण पहिली ग्राहक "किती घेणार?" असे विचारते तेव्हा अनेक जणी शेजारच्या पार्लरचा दर आठवतात आणि त्यातूनही शंभर रुपये सोडतात. तोटा तिथूनच सुरू होतो.

एका एक्स्टेन्शनला दीड-दोन तास सहज जातात. टिप्स, प्राइमर, जेल, टॉप कोट, झिजणारी फाइल, ॲसिटोन, दिव्याची वीज, ग्राहकाच्या घरी जायचे तर रिक्षाभाडे, हे सगळे मांडून वर आपल्या वेळेची मजुरी धरली, की खरा दर निघतो. रिफिलचा दर वेगळा लावायचा, वेळ देताना आगाऊ रक्कम घ्यायची, नात्यातल्या बायकांनाही उधारी नाही म्हणायचे, नखाला बुरशी दिसली तर पैसे सोडून डॉक्टरकडे पाठवायचे. हे वर्गातच करून घेतले पाहिजे. 'नाही' म्हणणे तर या मुलींना कुणी शिकवलेलेच नसते.

पुढे स्वतःचे काम सुरू करायचे तर सरकारची उद्यम नोंदणी मोफत आहे, मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. मात्र कर्ज मागायला जाणाऱ्या मुलीकडे जमाखर्चाची वही असायला हवी. कौशल्य केंद्रांनी प्रमाणपत्र देण्यापूर्वी महिन्याभराची अशी वही तपासावी आणि तिला प्रात्यक्षिकाइतकेच गुण ठेवावेत.