सूर्य मावळण्यापूर्वी

बायबल आपल्या घरोघरी पोहोचले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली पवित्र शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडे करून दिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'देवशब्दाचा रविवार' घोषित केला. वसईतील कितीतरी घरांत हा ग्रंथ रेशमी वस्त्रावर, मेणबत्तीच्या उजेडात विराजमान असतो. आमचा प्रश्न एवढाच आहे : तो तेथून खाली उतरून मजुरीच्या हिशेबाच्या वहीपर्यंत कधी येतो काय?

धर्म ख्रिस्तमंदिरात आणि व्यवहार बाजारात, असे एक सोयीचे सूत्र आपल्यात रूढ झाले आहे. पवित्र शास्त्राला ते साफ नामंजूर आहे. मजुराचे वेतन रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय हा ग्रंथ बजावतो. मजूर स्वकीय असो वा परका, सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे, असे अनुवाद या ग्रंथात सांगितले आहे. अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोब लिहितो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही या अन्यायाची गणना स्वर्गाकडे टाहो फोडणाऱ्या पापांत केली आहे. खुनाचे पाप त्याच पंक्तीत आहे!

जव्हार-मोखाड्याकडून पोटासाठी आलेला आदिवासी बांधव सकाळी नाक्यावर उभा राहतो. दिवसभर वाडीत किंवा बांधकामावर राबल्यावर त्याला जेव्हा 'उरलेले पुढच्या आठवड्यात' असे ऐकावे लागते, तेव्हा मालकाच्या लेखी ती किरकोळ बाकी असते. त्याच्या लेखी ते संध्याकाळचे तांदूळ असतात. लेकरू आजारी म्हणून दोन दिवस न आलेल्या मोलकरणीचा पगार कापणारा हात रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी पुढे होतो, तेव्हा त्या दोन कृतींचा परस्परांशी काहीच संबंध नसतो काय?

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला, मजूर उचल घेऊन पळून जातात. कोणी जातही असेल. परंतु एकाच्या लबाडीची वसुली दुसऱ्याच्या घामातून करण्याची मुभा कोणत्या शुभवर्तमानाने दिली? दुसरा, आम्ही बाजारभाव देतो आणि तो मजूर राजीखुशीने घेतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात याचे उत्तर दिले आहे. गरजेपोटी किंवा त्याहून वाईट ओढवेल या भयापोटी कामगाराने पत्करलेली कठोर अट ही राजीखुशी नव्हे. तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी असतो.

पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश काटेकोरपणे देणाऱ्या, परंतु न्याय आणि दया विसरणाऱ्या धर्मपंडितांना प्रभू येशूने खडसावले होते. सणाच्या रोषणाईत आणि लग्नाच्या मांडवात हात सैल सोडणाऱ्या, परंतु मजुरीच्या वेळी मूठ आवळणाऱ्या समाजाला तो वेगळे काय सुनावील?

जक्कयाच्या घरी तारण आले, त्या दिवशी त्याने आपली अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. आम्ही चौपटीचा आग्रह धरीत नाही. येत्या प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाला जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपली वही उघडावी आणि ज्याचे त्याला पुरते चुकते करावे. बायबलवाचन त्यानंतर सुरू करावे; आणि तेही सूर्य मावळण्यापूर्वी हिशेब पुरा झाला असेल तरच.